उकंडाचा रुसवा

पैनगंगेच्या काठावरचं पिंपळघाट स्वतःला शहर म्हणवून घेतं, आणि त्याला तसं म्हणू द्यावं, त्यात कोणाचं काही जात नाही. नगरपंचायत झाली, बाजारात एटीएम आलं, चौकात घड्याळाचा मनोरा उभा राहिला. मनोऱ्याच्या चारही तबकड्या चार निरनिराळ्या वेळा दाखवतात. लोक आपल्या सोयीची तबकडी बघतात आणि वेळेवर पोहोचल्याच्या समाधानात फिरतात.

पण हे गाव वसलं ते एका डोंग्यामुळे, नदी ओलांडायच्या लाकडी होडीमुळे. इंग्रजांच्या काळी नदीच्या अलीकडे वऱ्हाड होतं आणि पलीकडे निजामाचं राज्य. पलीकडच्या काठाला म्हातारी माणसं अजूनही मोगलाई म्हणतात. मीठ, कापड, बैल, नवऱ्या मुली, सगळं डोंग्यातूनच यायचं-जायचं. घाटावर जकातीचा नाका होता. तिथे आता केशकर्तनालय आहे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याची हजामत तिथे अजून होतेच. डोंगा नसता तर गाव नसतं, असं उकंडाचं मत होतं आणि हे मत तो न विचारता कोणालाही ऐकवायचा.

उकंडा म्हणजे गावचा शेवटचा नावाडी. जातीने भोई, वय साठीच्या पुढे, मिशा पांढऱ्या आणि दंड अजून दगडासारखे. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईने त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि नाव उकंडा ठेवलं. देवाला वाटावं, टाकलेलं पोर आहे, हे कशाला न्यायचं? देव फसला. उकंडा असा काही जगला की नदीवर पूल आला, डोंग्याचा धंदा बुडाला, बायको गेली, लेक लग्न होऊन दारव्ह्याला नांदायला गेली, तरी गडी हसतमुख. तो मासे धरायचा, ढाणकीच्या बाजारात विकायचा आणि लग्नाआधीचे फोटो काढायला येणाऱ्या पोरापोरींना डोंग्यात बसवून मिरवायचा. फोटोत आपली मिशी आलीच पाहिजे, एवढीच त्याची अट होती.

ढाणकीच्या बाजारात त्याच्या माशांच्या शेजारी सोनीबाई बसायची. ती पलीकडच्या काठची. नदीच्या वाळूत तिची टरबुजांची वाडी होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि जिभेला धार अशी की टरबूज कापायला सुरी लागू नये. दोघं एकाच कपबशीतला चहा पीत. कप तिचा, बशी त्याची. अख्ख्या बाजाराला जे दिसत होतं ते बोलायची हिंमत मात्र उकंडाला होत नव्हती. भोयांमध्ये विधवेशी पाट लावायला कोणाची ना नव्हती. लेक शीला फोनवर दर वेळी सांगायची की बाबा, एकदाचं विचारून टाका. उकंडा म्हणायचा, विचारतो, आणि मासळीचा भाव सांगायला लागायचा.

आता इथे घाटोबाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण उकंडाची सगळी मदार तिच्यावर होती. घाटोबा हा अलीकडचा देव आणि त्याची बायको जानाई पलीकडची. दर माघी पौर्णिमेला घाटोबा पालखीतून, डोंग्यात बसून सासरी जातो. आता देवाकडून उतराई, म्हणजे डोंग्याचं भाडं, कसं घ्यायचं? म्हणून नावाड्याला जुन्या लोकांनी रुसायचा मान दिला. भर डोहात नावाडी डोंगा रेटायचा बांबू आडवा ठेवतो आणि देवाकडे पाठ करून बसतो. मग पलीकडून मुलीकडची बाई ताट घेऊन पाण्यात उतरते आणि विचारते, व्याही, काय पाहिजे? तो मागेल ते, हाताशी असेल तर, तिने द्यायचंच. आणि ते त्याच्या हाती पडेपर्यंत डोंग्यातल्या वराकडच्या माणसांनी तोंडातून शब्द काढायचा नाही. जो आधी बोलेल, त्याने पुढच्या वर्षी घाटावर अख्ख्या गावाला रोडगे आणि वांग्याची भाजी जेवू घालायची.

मुलीकडून ताट घेऊन येण्याचा मान कितीतरी वर्षं सोनीबाईकडे होता. आणि कितीतरी वर्षं उकंडा तिच्याकडे नारळ मागत होता. मनात काय असायचं ते त्याच्या कानाच्या पाळ्या सांगत. त्या लाल होत. तोंड मात्र नारळच म्हणे.

त्या वर्षी घनश्यामशेठनी जाहीर केलं की हा डोंग्याचा शेवटचा फेरा. शेठ उत्सव समितीचे अध्यक्ष, कापसाचे व्यापारी आणि खर्चाच्या बाबतीत असे सावध की स्वतःच्या घरचा चहासुद्धा दुसऱ्याच्या दुकानात पीत. पुढच्या वर्षापासून देव ट्रॅक्टरवर, पुलावरून, असं ठरलं. ऐकून उकंडा घाटावर जाऊन बसला. डोंगा गेला की रुसवा गेला, आणि रुसवा गेला की सोनीबाईला मागायची जागाच गेली. बाजारात, कपबशी हातात धरून, हे आपल्याला या जन्मी जमायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

पौर्णिमेच्या सकाळी त्याने मिशीला तेल लावलं आणि नवं धोतर नेसलं. डोंग्यात पालखी, घनश्यामशेठ, ट्रॅक्टरवाला अतुल आणि भीमनगरचा कपिल त्याच्या क्लॅरिनेटसह बसले. बाकीचा बँड काठावर राहिला, कारण ढोल चढला की डोंगा पाणी घेतो. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं होतं, नदी चांगली चालती होती. भर डोहात उकंडाने बांबू आडवा ठेवला, पाठ फिरवली, डोळे मिटले आणि रुसला. सगळे चिडीचूप झाले.

उकंडा मनात घोकत होता. नारळ नाही म्हणायचं. नारळ नाही. नाव घ्यायचं, सरळ नाव. या घोकण्यात त्याने गुडघा हलवला आणि बांबू सरकून पाण्यात पडला. त्याला पत्ता नाही. बाकीच्यांनी पाहिला. शेठनी तोंड उघडलं, डोळ्यांसमोर अख्ख्या गावाची पंगत उभी राहिली आणि त्यांनी ते मिटलं. अतुलने उकंडाच्या पाठीला बोट टोचलं. उकंडाला वाटलं, थट्टा चालली आहे, तो आणखी ताठ बसला.

बांबू पुढे, डोंगा मागे, अशी देवाची वरात निघाली. सासरचा घाट आला. ताशे वाजत होते, बायका ओवाळायला उभ्या होत्या. घाटोबा सगळ्यांच्या समोरून संथपणे निघून गेला. बायकांनी ओवाळणं थांबवलं नाही, फक्त ताटं वळवत नेली. बोलायची बंदी होती, वाजवायची नव्हती, म्हणून कपिलने क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि मुलगी सासरी जाताना वाजवतात ती धून सुरू केली. अलीकडच्या काठावरचा बँडही लगेच त्याला सामील झाला. अतुल हसू दाबून दाबून जांभळा पडला होता. शेठ दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड धरून बसले होते.

घाटाच्या खाली नदी वळते आणि वळणावर वाळू आहे. डोंगा तिथे चढला तो थेट सोनीबाईच्या टरबुजांच्या वेलांवर. धक्क्याने उकंडा उताणा पडला आणि पहिल्यांदा त्याने पाहिलं की आपण कुठे आहोत. घाटावरून सोनीबाई पाण्यातून चालत येत होती, लुगडं खोचलेलं, डोक्यावर ताट. मागे दोन्ही काठांवरून गाव धावत होतं. तिने आधी चिरडलेल्या वेलांकडे पाहिलं, मग देवाला हात जोडले, मग उकंडासमोर उभी राहिली. तिचा श्वास फुलला होता. मान मोडायचा नव्हता, म्हणून तिने रीतसर विचारलं.

"काहून रुसले व्याही? काय पायजे?"

उकंडा उठून बसला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. घोकलेलं सगळं नदीबरोबर वाहून गेलं होतं.

"नारळ," उकंडा म्हणाला.

आणि मग ते झालं. घनश्यामशेठच्या हातांमधून, एवढा वेळ कोंडलेला, आवाज फुटला.

"अरे नारळ कायले मांगतं, लेका. सोनीबाईले मांग नं."

बोलून झाल्यावर शेठना कळलं की आपण बोललो. ते मटकन खाली बसले. पण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे सोनीबाईकडे पाहत होते. तिने ताट वाळूवर ठेवलं, नारळ उचलून उकंडाच्या मांडीवर दिला आणि नदीकडे पाहिलं. दूर पाण्यावर बांबूचं टोक दिसत होतं, मग तेही दिसेनासं झालं.

"बांबू तं गेला वाहून," ती म्हणाली. "कसे जासान वापस? राह्या मंग इथंच."

उकंडाला आनंदाने रडू आलं आणि ते लपवायला त्याच्याकडे नारळाशिवाय काही नव्हतं. दोन्ही काठांवर जो गलका उठला, त्याने झाडावरचे बगळे उडाले. देव त्या दिवशी ट्रॅक्टरने घरी आला, नावाड्याला सासरीच ठेवून. पाट पुढच्याच आठवड्यात लागला आणि त्यात शीला सगळ्यांत जास्त नाचली.

दुसऱ्या वर्षी ठरल्याप्रमाणे घाटोबा ट्रॅक्टरवर बसला. शेठच्या रोडग्यांचा धूर घाटावर निघत होता. पुलाच्या बरोबर मध्यावर अतुलने ट्रॅक्टर बंद केला, किल्ली खिशात टाकली आणि देवाकडे पाठ करून बसला. मागे एसटी थांबली, सोयाबीनचे ट्रक थांबले, हॉर्न वाजू लागले. ट्रॉलीतलं कोणी एक अक्षर बोललं नाही. शेठ तर अजिबात नाही.

पलीकडून सोनीबाई ताट घेऊन निघाली आणि तिच्यासोबत उकंडा. तो आता मुलीकडचा, म्हणून सोनीबाईने विचारायचा मान त्याला दिला. त्याने अतुलला विचारलं की व्याही, काय पाहिजे.

"डोंगा," अतुल म्हणाला. "पुढल्या साली देव डोंग्यातच बसन."

हाताशी असेल ते द्यायचंच असतं. डोंगा वाडीखाली बांधलेला होता. उकंडाने मान हलवली आणि बांबूचं काय, असं सोनीबाईच्या कानात विचारलं. तो तिने केव्हाच तासून ठेवला होता.