न वाचलेल्या अध्यायांवरच्या खुणा

आमच्या चर्चच्या मंडळीत दर जानेवारीला प्रत्येकाला एक वाचनपत्रक मिळतं. त्यावर पवित्र शास्त्राच्या एकेका अध्यायासाठी एकेक चौकोन असतो. वाचलं की खूण करायची. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी ज्यांचं पत्रक पूर्ण झालं असेल ते उपासनेत उभे राहतात आणि त्यांच्यातला एक जण साक्ष देतो, म्हणजे आपला अनुभव सर्वांसमोर सांगतो. मी सहा वर्षं उभा राहिलो. त्यांतली शेवटची चार वर्षं खोटा उभा राहिलो.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी कास्टिंग, म्हणजे ओतून काढलेले भाग, तपासतो. गेज लावून माप घेतल्याशिवाय एकाही जॉबवर मी आजवर सही केलेली नाही. कुणी घाई केली तर भांडलो आहे. घरी मात्र शनिवारी संध्याकाळी चहा पिता पिता आठवड्याचे चौकोन एका दमात भरायचो. आधी वाटायचं, उद्या वाचून भरून काढू. पुढे तेही वाटेनासं झालं. त्यात मंडळीनं मला कारभार पाहणारा पंच म्हणून निवडलं. पंचाचं पत्रक अर्धवट कसं दिसेल, ही आणखी एक भीती.

गेल्या नोव्हेंबरात आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, म्हणाले, या वर्षी साक्ष तुम्ही द्या, शास्त्रवाचनातल्या आनंदावर बोला. मी हो म्हणालो. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

त्या दिवसापासून जेवण गोड लागेना. पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, रोज दहा-दहा अध्याय. डोळे ओळींवरून नुसते पळायचे. पान उलटलं की आधीच्या पानावर काय होतं ते सांगता आलं नसतं. साक्ष मात्र लिहून तयार होती. दोन पानं, चांगल्या मराठीत, आणि त्यातला एकही शब्द खरा नव्हता.

साक्षीच्याच आठवड्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाचायला मनाई केली. आई रोज सकाळी एक अध्याय वाचते, क्रम कधी मोडत नाही. साक्षीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तिनं मला समोर बसवलं आणि वाच म्हणाली. तिची खूण होती तिथे यरुशलेम शहराचा पडलेला कोट लोक पुन्हा बांधायला घेतात. कुणी कुठला भाग दुरुस्त केला याची नुसती यादी. मी भराभर वाचत सुटलो.

"अरं, दमानं वाच की. मागं कुत्रं लागलंय व्हय?"

दमानं वाचलं. तेव्हा दिसलं की कोट बांधणाऱ्यांत सोनार आहे, सुगंधी द्रव्यं करणारा आहे. कुणी आपल्या घरासमोरचाच तुकडा धरला आहे. एका गावच्या साध्या माणसांनी काम केलं, पण त्यांच्या पुढाऱ्यांनी मान वाकवली नाही. आई तिथे हसली. "थोरामोठ्यांची मान तवाबी ताठच हुती म्हण की." पुढे एका माणसानं आपल्या मुलींना घेऊन काम केल्याचं आलं. तेवढं तिनं दोनदा वाचायला लावलं. "पोरींनी दगडं उचलली, आन् नाव बापाचंच लिवलं," ती कुरकुरली.

मलाही हसू आलं. अत्तरवाल्याच्या बोटांना लागलेला चुना मला दिसत होता. कुणी न सांगता मी तो अध्याय पुन्हा पहिल्यापासून वाचला. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच वाचताना चौकोनाची आठवण झाली नव्हती.

मग झाली. त्या अध्यायावर मी मे महिन्यातच खूण केली होती. आईला सगळं सांगून टाकलं. काळ्या चष्म्यामागचे तिचे डोळे दिसत नव्हते.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "वाचल्यालं माणूस काय तर बोलतंय की. तू चार वरसं घुम्यागत हाईस."

आता काय करू, असं मी विचारलं. पन्नाशीच्या माणसानं हे आईला विचारू नये, म्हणाली.

दुपारी पाळकसाहेबांकडे गेलो. उद्या बोलायचं की नाही ते तुम्हीच ठरवा, एवढंच म्हणाले.

रविवारी पत्रकवाले उभे राहिले तेव्हा मी बसून राहिलो. माना माझ्याकडे वळल्या. मग साक्षीसाठी नाव पुकारलं. पुढे जाऊन मी झालं ते सांगितलं, आणि कोटाचंही सांगितलं. कुणी आमेन म्हटलं नाही. एका वयस्कर पंचांनी बाहेर हात मिळवायचं टाळलं. माझ्या पंचपदाचा निर्णय अजून व्हायचा आहे. धास्ती गेलेली नाही. उलट एक नवी आली आहे, की चुकीची कबुली देण्यातच मला गोडी वाटू लागली तर?

सोमवारी कामावर जायच्या आधी आईसाठी पुढचा अध्याय घेतला. कोट अर्ध्यावर आलेला, शत्रू टर उडवत होते, चालून यायच्या बेतात होते. आईला मध्येच डुलकी लागली. आता थांबायला हवं होतं, पण कोट पुरा होतो की नाही ते कळल्याशिवाय मला उठवेना. भानावर आलो तेव्हा कंपनीची बस निघून गेली होती. सुपरवायझरला फोन लावला. स्टॉपकडे येताना गाडी पंक्चर झाली, हे जिभेवर आलंच होतं.

"वाचत बसलो होतो," मी म्हणालो.

"सकाळच्या पारी? काय, पेपर?"

"न्हाय. बायबल."

तो पोरगेला सुपरवायझर म्हणाला, "मग हाफ डे टाकतो, काका."

"टाक," मी म्हणालो.