आमच्या घरचा ऑटोपायलट

नागपूरहून समुद्र कुठल्याही बाजूला निघा, लांबच पडतो. तरी माझ्या नवऱ्याला निवृत्तीनंतर समुद्राचंच वेड लागलं. इतरांचे नवरे सकाळी अंबाझरी तलावावर चक्कर मारतात, तर्री-पोहे खातात आणि घरी येऊन पेपर वाचतात. आमच्या ह्यांनी कॉलेजच्या एका मित्राबरोबर गोव्यात जुनी शिडाची बोट घेतली. मित्र मूळचा नागपूरचाच. नोकरीपायी गोव्यात गेला तो तिथलाच झाला, पण बोलणं अजून पक्कं नागपूरच्या बर्डीवरचं.

बोट बऱ्यापैकी मोठी होती. आत झोपायला फळ्या, एक छोटी शेगडी, आणि मागच्या बाजूला उभं राहून चालवायला एक भलंमोठं स्टीलचं चाक. पहिल्यांदा गेलो तेव्हा किनारा मागे पडल्यावर मित्र म्हणाला, "वहिनी, धरा जरा." मी धरलं. चाक थोडं डावीकडे ओढत होतं, मी थोडं उजवीकडे धरत होते, आणि त्या ओढीतून खालचं पाणी हाताला कळत होतं. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसले. तेवढ्यात आमचे हे ओरडले, "सोड, सोड! ठोकशील कुठंतरी!"

चारही बाजूंना समुद्र. ठोकायला मी काय माहेरहून आणणार होते?

पण सोडलं. सवय आहे. कार चालवायचं लायसन्स माझ्याकडेही आहे. रीतसर शिकून, परीक्षा देऊन काढलेलं. ते पर्समध्ये असतं आणि मी शेजारच्या सीटवर असते. चावी मागितली की उत्तर ठरलेलं: "तू बस ना आरामात." असा आराम मी संसारभर केला. पण त्या चाकाचं तसं झालं नाही. परतीच्या गाडीत वर्धा येईपर्यंत मी एकच विचार करत होते, की मला ते पुन्हा हातात हवं आहे. आणि हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. "मले बोट चालवायले शिकायचं आहे."

ते विचारात पडले. मला वाटलं, माझ्या बोलण्याचा विचार करताहेत. चार दिवसांनी कळलं, ते ऑटोपायलट शोधत होते.

"तुझ्यासाठीच घेतला वं," ते म्हणाले. "तुले उन्हात उभं राहाले नको. ही मशीन चाकावर बसते अन् बोट आपोआप चालवते. कोनाले हात लावाचं काम नाही."

बायकोनं पोहायला शिकायचं म्हटलं, तर नवऱ्यानं विहीर बुजवून द्यावी, तसं ते झालं. आणि वर उपकार.

मुळात या माणसाचा माणसांपेक्षा पॅनेलवर विश्वास. नोकरीभर एका वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये बसले. हिरवा दिवा लागला की जगात सगळं ठीक आहे, असं त्यांना मनापासून वाटतं. मी तिकडे शाळेत मुलांना भूगोल शिकवत होते, नकाशा आणि होकायंत्र हा माझा हातखंडा विषय. तरी आमच्या घरी उत्तर दिशा कुठे आहे, हे नेहमी तेच मला सांगत आले.

मशीन ऐन मे महिन्यात घरी आलं. बोट तेव्हा रंगाला काढून किनाऱ्यावर ठेवलेली होती, म्हणून मित्रानं तिचं चाकही ट्रान्सपोर्टनं नागपूरला धाडलं. मशीन म्हणजे काळ्या प्लॅस्टिकची एक मोठी बांगडी. ती चाकाच्या आऱ्यांवर आवळायची. आत मोटर आणि पट्टा. बाहेर एक दांडी: ती खाली केली की क्लच लागतो आणि चाक मशीनच्या ताब्यात जातं, वर केली की चाक मोकळं. शिवाय एक छोटी डबी, म्हणजे त्याचं होकायंत्र. बोटीचं तोंड कुठे आहे ते डबी सांगते, आणि बोट भरकटली की मशीन चाक फिरवून तिला परत सरळ करतं. कल्पना चांगली आहे. मशीनशी माझं भांडण नाही.

सुताराकडून लाकडी स्टँड करून घेऊन यांनी ते चाक आमच्या हॉलमध्ये, टीव्हीसमोर उभं केलं. कुहीहून माझी नणंद आली होती. तिनं चाकाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "अवं वहिनी, चाक तं आलं, पण गाडी कुठं हाय?"

"गाडी नाही वं, बोट," मी म्हटलं.

"बोट तरी कुठं हाय?"

मग चाचणी झाली. यांनी बॅटरी जोडली, डबी स्टुलावर ठेवली, पूर्व दिशा ठरवून दिली आणि बटण दाबलं. चाक घुर्र करून फिरायला लागलं. फिरतच राहिलं. थांबेना. हे बटणं दाबताहेत, मशीन पिंपिं करतंय, नणंद पदर सावरून सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आहे.

"कूलर!" हे ओरडले. "कूलरच्या लोखंडानं अन् मोटरनं होकायंत्र बिघडून राहिलं. कूलर बंद कर!"

नागपुरात मे महिन्यात, भर दुपारी, कूलर बंद. बाहेरच्या माणसाला यातला गुन्हा कळणार नाही. पुढचे कितीतरी दिवस आम्ही घामानं निथळत त्या चाकाकडे पाहत बसलो. लोखंडाचा संशय वाढत गेला. फ्रीजजवळचं स्टूल हललं, शिलाई मशीन बाल्कनीत गेली, आणि एकदा तर माझ्या पदराची सेफ्टीपिन काढून ठेवायला सांगितली. चाक मात्र गरागरा फिरतच होतं.

शेवटी मित्राला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकला. सगळी हकीकत ऐकून मित्र म्हणाला, "अबे भैताड, बोट वळते म्हणून मशीन थांबते. तुझं घर वळते का?"

खरंच की. मशीनला वाटत होतं, आपण चाक फिरवतोय, आता हे घर पूर्वेकडे तोंड करेल. घर काही ढिम्म हलत नव्हतं. म्हणून ते बिचारं आणखी जोर लावून फिरवत होतं. मला त्या मशीनची दया आली. लग्न झाल्यापासून मीही हेच करत आले होते.

चूक कळली तरी हे कबूल कसे होणार! "तरी कूलरचा फरक पडतेच," असं म्हणून त्यांनी आणखी दोन दिवस कूलर बंदच ठेवला.

दिवाळी झाल्यावर आम्ही गोव्याला गेलो. बोट पाण्यात, चाक जागेवर, चाकावर मशीन. होकायंत्राची डबी मित्रानं केबिनमधल्या फळीच्या खाली पक्की बसवली होती. आणि आमच्या सामानात होती एक लोखंडी कढई.

ही कढई मी घेतली नव्हती, हे आधीच लिहून ठेवते. पाटवडीचा रस्सा लोखंडी कढईतच झाला पाहिजे, ॲल्युमिनियमच्या भांड्यात त्याला चव येत नाही, हा आमच्या ह्यांचा सिद्धांत. नागपूरपासून ती बॅगेत घालून आणली होती. जड वस्तू बोटीत खाली ठेवावी, हेही त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी ती स्वतःच्या हातानं फळीखाली सरकवली. होकायंत्राच्या शेजारी. माझ्या सेफ्टीपिनेला घाबरणारा माणूस!

मग रिवाजाप्रमाणे बोटीला पाण्यात सावकाश गोल फिरवलं. तसं केलं की आजूबाजूला लोखंड कुठे किती आहे ते मशीन शिकून घेतं आणि त्याचा हिशोब धरून चालतं. मशीन शिकलं. कढईसकट शिकलं.

पहिल्या दिवशी बोट सकाळभर सरळ चालली. हे चाकाशेजारी हाताची घडी घालून बसले आणि माझ्याकडे अधूनमधून असे पाहत होते, जणू तो चमत्कार त्यांच्या पोटातून निघतो आहे. जेवायची वेळ झाली. मित्र केबिनमध्ये उतरला, कढई काढली, शेगडीवर चढवली, मसाल्याचा वास सुटला, आणि बोट वळली. "वारा बदलला," हे म्हणाले. जेवणं झाली, भांडी घासून जागेवर ठेवली, बोट पुन्हा सरळ झाली. "पाहा, वारा परत आला."

दुसऱ्या दिवशीही वारा बरोबर जेवणाच्या वेळीच बदलला.

मी म्हटलं, "कढई."

"काय कढई?"

"कढई काढली का बोट वळते. लोखंडाची आहे न ती."

"तुले काय समजते त्यातलं?" हे म्हणाले.

मित्रानं मात्र कढई उचलली. फळीखालून बाहेर काढली, बोट एका बाजूला वळली. परत ठेवली, बोट सरळ. पुन्हा काढली, पुन्हा वळली. मग तो केबिनच्या पायरीवर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "वहिनी, आपली बोट भाजीच्या इशाऱ्यावर चालून राहिली!" आमचे हे हसले नाहीत. कढई सरळ पुढच्या टोकाला, नांगराजवळ बांधून टाकली, बोट पुन्हा गोल फिरवली, आणि मशीनमध्ये कधीच दोष नव्हता, दोष आपल्या खाण्यापिण्याच्या सवयींत आहे, असा निकाल दिला.

मी तरी पुन्हा म्हटलं, "थोडा वेळ मी धरू का?"

"अवं, मशीन आहे ना. कायले त्रास करून घेतं?"

ते इतक्या प्रेमानं म्हणाले की रागही धड करता येईना.

तिसऱ्या दिवशी परतताना मागून लाटा यायला लागल्या. मोठ्या नव्हत्या, पण एकामागून एक. मागून लाट आली की बोटीचं शेपूट उचलतं आणि ती तिरकी होते. मशीनला ती तिरकी झाल्यावरच कळायचं. मग ते घुर्र करून चाक फिरवायचं, तोवर पुढची लाट आलेली. बोट दारू प्यायल्यासारखी डुलायला लागली. यांचा चेहरा आधी पिवळा झाला, मग हिरवा. शेवटी ते खाली केबिनमध्ये जाऊन फळीवर डोळे मिटून पडले. जाताना सांगून गेले, "मशीनले हात लावू नका."

मित्र पुढे शीड उतरवत होता. इंजिन चालू केलेलं होतं, त्याचा आवाज सगळीकडे भरला होता. त्यानं मागे वळून मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वहिनी, दांडी वर करा अन् तुमीच धरा. याच्यानं होत नाही."

मी दांडी वर केली. चाक मोकळं झालं आणि माझ्या हातात आलं.

पहिल्या दोन-चार लाटांना मी चुकले. मग लक्षात आलं की लाट येण्याआधी पायाखाली बोट हलकी होते. तेव्हाच थोडं फिरवायचं, लाट गेली की परत आणायचं. डुलणं कमी झालं. मग जवळपास थांबलं. माझे खांदे दुखत होते, तोंडावर खारं पाणी उडत होतं, आणि मी फार सुखात होते.

खालून आवाज आला. "पाहिलं? आता कशी सरळ चालून राहिली!"

मित्रानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मी ओठांवर बोट ठेवलं.

"मशीन म्हणजे मशीन," खालून चालूच होतं. "माणसाच्यानं होते का असं? एकदम भरवशाची. आपण बिनधास्त झोपावं."

भरवशाची. हा शब्द त्यांनी माझ्यासाठी कधी वापरला नव्हता. ना पोरांना वाढवताना, ना सासूबाईंच्या दुखण्यात, ना कधी गाडीची चावी मागितली तेव्हा. आज मिळाला, तोही प्लॅस्टिकच्या बांगडीच्या नावावर. मी चाक धरून उभी राहिले आणि तो शब्द मनात पुन्हा पुन्हा ऐकला. खोटं कशाला बोलू, गोड लागला. आणि संतापही आला.

पोट शांत झाल्यावर हे वर आले. ताजेतवाने दिसत होते. आधी त्यांनी समाधानानं समुद्राकडे पाहिलं. मग त्यांना वर केलेली दांडी दिसली. मग माझे हात दिसले.

"काहून? मशीन बंद काहून आहे?"

"केव्हाचीच बंद आहे," मित्र म्हणाला. "वहिनी चालवून राहिल्या."

ते घाईघाईनं पुढे आले. एका हातानं कठडा धरला, दुसरा चाकाकडे केला. "सांभाळून! वाकडी चालली! दे, दे, माझ्याजवळ दे. तू बस आरामात."

बोट जशी होती तशीच चालली होती. चाकासमोरच्या साध्या होकायंत्राचा काटा हलला नव्हता. मी तो त्यांना दाखवलासुद्धा.

"वाकडी चालून राहिली म्हणतो ना!"

"मंग खाली जा अन् डोळे मिटून घ्या," मी म्हटलं. "तिथून सरळ दिसते तुमाले."

मित्र समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. हे खाली गेले नाहीत. माझ्यासमोर बसले आणि माझ्या हातांकडे टक लावून पाहत राहिले. बंदर येईपर्यंत त्यांनी डोळे मिटले नाहीत, आणि मी चाक सोडलं नाही.