आईसाठी रडायचं राहिलं

पुसदला मला घ्यायला आलेल्या मैत्रिणीनं आधी माझ्यासोबत फोटो काढला आणि मग विचारलं, कशी आहेस. तो फोटो तिनं तिथंच उभ्या उभ्या कुठल्याशा ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘परदेशातून आलेली आमची लाडकी सखी’. शाळेत असताना हिनं मला लाडकी म्हटल्याचं आठवत नाही. माझी कंपासपेटी मात्र हिनं दोनदा पळवली होती. फोटोत हसावं लागतं म्हणून मी हसले, पण माझं डोकं सकाळपासूनच फिरलेलं होतं.

एकोणीस वर्षं झाली, मी कॅनडात राहते. तिकडे लोक विचारतात, देशाची आठवण येते का? मला हा प्रश्न अजिबात आवडत नाही. देश म्हणजे माझ्या लेखी पुसदपासून तासाभरावरचा एक तांडा. साठेक घरं, एक मोठा लिंब, एक हापशी आणि चारी बाजूंनी कापूस आणि तूर. आमचे पूर्वज बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. मग कोणीतरी थांबलं, जमीन धरली आणि आम्ही बंजारे शेतकरी झालो. आता तिथं माझं घर नाही. भावानं शेत विकलं, घराच्या जागेवर कोणाची तरी टिनाची शेड उभी आहे. उरल्या होत्या दोन मैत्रिणी. एक ही, पुसदच्या शाळेत शिक्षिका झालेली. आणि दुसरी तांड्यातच वाढलेली, तांड्यातच दुसऱ्या गोताच्या घरात दिलेली.

सरळच सांगते, मी गप्पा मारायला आले नव्हते. मी रडायला आले होते.

आमच्यात बायका खूप दिवसांनी भेटल्या की नमस्कार वगैरे करत बसत नाहीत. एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि सूर लावून रडतात. मागच्या भेटीपासून या भेटीपर्यंत जे जे गेलं, त्याचं नाव घेऊन रडायचं. माणूस गेलं असेल तर माणूस, बैल गेला असेल तर बैल. एकीनं ओळ सोडायची, दुसरीनं ती उचलायची. सगळे मेलेले रडून झाले की पदरानं तोंड पुसायचं आणि मग विचारायचं, चहा मांडू का. बाहेरच्यांना हे नाटक वाटतं. वाटू दे. मला एवढंच माहीत आहे की हे एकटीनं होत नाही. मी करून बघितलं आहे, कॅनडातल्या न्हाणीघरात नळ सोडून. पहिली ओळ निघाली. दुसरी उचलायला कोणी नव्हतं, म्हणून मी नळ बंद केला आणि ऑफिसला गेले.

आईला जाऊन सहा वर्षं झाली. डोळ्यांतून पाणी पुष्कळदा आलं, ते वेगळं. असं रडणं मात्र राहून गेलं होतं आणि ते जिच्या गळ्यात पडून करता येईल अशी जगात एकच बाई होती.

गाडीत शिक्षिकाबाईनं मला सावध केलं. “तिच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नको बरं. ती तुझ्यावर चिडून हाय.”

“कायले?” मी विचारलं.

“ते तिलेच विचार. मले मधात नको घेऊ.” आणि ती खिडकीतून बाहेर बघत नवऱ्याच्या बदलीचं सांगत बसली. मधे पडायचं नव्हतं तर तोंड उघडायचं कशाला? मी तिला तसं म्हटलंही. तिनं ते हसण्यावारी नेलं. हिला काहीच लागत नाही, म्हणून ही सगळ्यांशी गोड असते.

तांड्यात पोहोचलो तेव्हा माझी मैत्रीण ओट्यावर बसून कापसातली पत्ती निवडत होती. केस पुढून पांढरे झालेले, हात मात्र तेच, मोठाले. मी गाडीतून उतरून जवळजवळ पळतच गेले. ती उठली. मी हात पसरून तिच्या गळ्यात पडले आणि पहिला सूर काढला. खरखरीत निघाला, पण निघाला.

तिचे हात खालीच राहिले. ती ताठ उभी होती. मी कधी बाजूला होते, याची वाट बघत होती. मी बाजूला झाले.

“या. बसा,” ती म्हणाली.

बसा! जिच्यासोबत मी एका ताटात जेवले, एका गोधडीत झोपले, ती मला ‘बसा’ म्हणाली. आणि मराठीत म्हणाली. हे कळायला तांड्यातलं असावं लागतं. घरात, ओट्यावर, भांडणात आम्ही गोरबोलीच बोलतो. मराठी असते तलाठ्याशी, कंडक्टरशी, दवाखान्यातल्या डॉक्टरशी. मी मुद्दाम गोरबोलीत विचारलं, बरी आहेस ना, लेकरं कशी आहेत? चुकतमाकत विचारलं, पण विचारलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं, “बरे आहो आम्ही. तुमचं कसं हाय तिकडं? थंडी लय राह्यते म्हन्तात.”

माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आली. त्यावर घरातल्या एका पोरानं आधी फडकं मारलं. दुकानातून सीलबंद पाण्याची बाटली आली. मी तिच्यासाठी आणलेली पिशवी, स्वेटर आणि चॉकलेटं, तिनं न उघडता फ्रिजवर ठेवून दिली. मग शेव घातलेले पोहे आले. मी म्हणाले, मला बाटी दे, ज्वारीची भाकर, मिरचीच्या ठेच्यासोबत. ती म्हणाली, “तुमाले पचन का थे?”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या तिथंच. चौदा तास विमानात, मग नागपूर, मग पुसद, आणि इथं माझ्या पचनाची चौकशी! मी पोह्यांची ताटली खाली ठेवली आणि मीही मराठीतच एकदम ओरडले, “काहून अशी वागून राह्यली तू माह्यासंगं? काय केलं मी तुहं?”

शिक्षिकाबाई म्हणाली, “जाऊ द्या ना, इतक्या दिवसांनी भेटल्या.” तिच्याकडे आम्ही दोघींनीही लक्ष दिलं नाही.

ती पुन्हा कापसापाशी बसली. चार बोंडांतली पत्ती निवडली. मग वर न बघता म्हणाली, “नागपूर आठवते का तुले?”

‘तुले’ ऐकून मला आधी बरंच वाटलं. पण मला आठवतही होतं. फक्त मी ते किरकोळ म्हणून ठेवून दिलेलं होतं.

आई वारली ती नागपूरला, भावाच्या फ्लॅटमध्ये. मी दुसऱ्या दिवशी पोहोचले. तिसऱ्या दिवशी तांड्यातून ही आणि आणखी दोघी, अशा तिघीजणी आल्या. लिफ्ट उघडली, हिनं मला पाहिलं, माझ्या गळ्यात पडली आणि सूर लावला.

“तीन यष्ट्या बदलून आलतो आम्ही,” ती सांगत होती. “तुले भेटून रडल्याबिगर तोंडात घास घालाचा नाई, असं ठरवून निघालतो. एक ओळ झाली. एकच. तू माहं तोंड दाबलं.”

“दाबलं नव्हतं. हात ठेवला होता.”

“ठेवला. आन् काय म्हनली? इथं नको, शेजारी हायेत. मंग मले दंडाले धरून अंदर नेलं आन् दार लावलं.”

खरं होतं. समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं होतं. एका पोरीनं मोबाइल वर धरला होता. वहिनीचं तोंड एवढंसं झालं होतं. अशी दहा कारणं मी तिला सांगितली. सोसायटीत आवाजाचे नियम असतात, खालच्या मजल्यावर एक म्हातारे आजारी होते, हेही सांगितलं. ती पत्ती निवडत राहिली. खालचे म्हातारे तर मी तिथल्या तिथं तयार केले होते. खरं कारण एकच होतं, मला लाज वाटली होती. आईचं प्रेत उचलून दोन दिवसही झाले नव्हते आणि मला लाज कशाची वाटली, तर तिच्यासाठी रडणाऱ्या बाईची. मग मी त्या तिघींना कपबशीत चहा दिला. सोफ्याच्या कडेवर बसून त्यांनी तो घेतला, तासभर आईच्या फोटोकडे बघत राहिल्या आणि संध्याकाळच्या बसनं परत गेल्या. बसस्टँडपर्यंत सोडायलाही मी गेले नाही. माझे फोन चालू होते.

“माही माय बाळंतपनात तापानं पडलती,” ती म्हणाली, “तवा तुह्या मायनं मले दूध पाजलं. दोन मह्यने. तू एका बाजूनं, मी एका बाजूनं. माही नव्हती का थे कोनी? मी तिच्यासाठी रडनं घेऊन आलती तुह्या दारात. तसंच वापस आनलं. यष्टीत रडता येत नाई, घरी येऊन रडाव तं कोनासंगं? ज्या घरचं मेलं, त्या घरच्या गळ्यात पडा लागते. तूच नाई म्हनली.”

“मग आता रड,” मी म्हणाले. “आले ना मी. तेवढ्याचसाठी आले.”

“आता नाई होत.”

“काहून?”

“तुह्यासंगं नाई होत.”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव तसा नाही. मी म्हणाले, रडण्याचासुद्धा एवढा मानपान? रडायला मी तुझी परवानगी मागू का? मेली ती माझी आई होती.

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. “हाव, तुहीच व्हती,” ती म्हणाली. “म्हनून तं तुह्याकडं आलतो.”

तिच्या सुनेनं चहा आणला, तो मी घेतला. तोंड भाजलं तरी घेतला. मला तिचा राग येत होता, फार राग येत होता, आणि त्यात वाईट हे की तिची चूक सापडत नव्हती. चूक सापडली असती तर मी भांडले असते आणि भांडण झालं असतं तर कदाचित रडणंही झालं असतं.

ऊन उतरायला लागलं तसे आम्ही निघालो. ती गाडीपर्यंत आली, तेही रीत म्हणून. शिक्षिकाबाईनं तिघींचा फोटो काढू म्हटलं, तर मी तिच्यावर खेकसले. तेवढ्यात रस्त्यावर एक कालीपिली जीप थांबली आणि तिच्यातून एक म्हातारी उतरली. अंगात फेटिया-कांचळी, म्हणजे आमचा घागरा-चोळी, हातांत कोपरापर्यंत बांगड्या. आता तांड्यात हा पेहराव कोणी घालत नाही. ही माझ्या मैत्रिणीची फुफी, म्हणजे आत्या. याच तांड्यातली लेक, पण दिलेली तिकडे आदिलाबादकडे. माझ्या आईच्या बरोबरीची. आठ वर्षांत आली नव्हती, कारण डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचं माणूसही धड ओळखू येत नाही, एकटीनं निघता येत नव्हतं; आज ओळखीचा कालीपिलीवाला मिळाला.

माझी मैत्रीण धावली. इतकी जड बाई, पण पोरीसारखी धावली. रस्त्याच्या मधोमध दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि सूर लागला.

मी दहा-बारा पावलांवर होते. चालत तीन पावलांवर आले. सगळं ऐकू येत होतं. म्हातारीनं आधी आपल्या मोठ्या मुलाला रडून घेतलं. मग हिनं सासूला. मग म्हातारीची एक म्हैस रडून झाली, इथला एक चुलता रडून झाला. आठ वर्षांत पुष्कळ माणसं गेली होती. रस्त्यानं एक मोटरसायकल आली, ती बाजूनं वळून गेली. कालीपिलीवाला भाड्यासाठी थांबला होता, त्यानं इंजिन बंद केलं. मग माझ्या मैत्रिणीनं श्वास घेतला आणि ओळ सोडली, “मारी याडी ये…” माझी आई गं. आणि माझ्या आईचं नाव घेतलं.

त्या दोघींच्या मागच्या भेटीत आई जिवंत होती. म्हणजे त्यांच्या हिशेबात तिला रडायचं बाकीच होतं. म्हातारीनं ओळ उचलली. आईनं तिला कांचळीवर आरसे लावायला शिकवलं होतं, हे तिनं रडता रडता सांगितलं. मला हे माहीत नव्हतं. हिनं दुधाचं सांगितलं. एकीची ओळ संपायच्या आत दुसरी उचलत होती. माझ्या आईला त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ दिला. माझे हात आपोआप वर उचलले गेले होते, कोणाच्याही गळ्यात नाही, असेच.

शिक्षिकाबाई माझ्या कानाशी लागली. “जा नं तू. जा, बिलग त्यांले.” मी एक पाऊल टाकलं.

म्हातारीनं ओढणीनं डोळे पुसले आणि भाचीला विचारलं, “ओरी छोरी कत छ?” तिची मुलगी कुठं असते?

माझी मैत्रीण माझ्याकडे बघत होती. थेट माझ्याकडे. डोळे रडून लाल झालेले.

“परदेशेम छ,” ती म्हणाली.

म्हातारी चुकचुकली. बिचारीला आईसाठी रडायला कोणी मिळालं नसेल तिकडे, असं काहीतरी म्हणाली आणि तिनं माझ्या आईची ओळ पुन्हा उचलली, माझ्या वाटची. माझ्या मैत्रिणीनं तिच्या गळ्यात हात टाकले आणि साथ दिली. मी तिथंच उभी राहिले.