पोत्याखालचा पंप

न्हावऱ्याचे मोटर-वाइंडिंगवाले चाचा जळालेली मोटर गिऱ्हाइकासमोरच उघडत. "बघून घ्या आप्पा, पुढच्या टायमाला तुमीच करा." "मग तुमचा धंदा?" असं कुणी हसून विचारलं की म्हणत, "मी नवीन शिकंन की."

सबमर्सिबल पंप आले तेव्हा ते शिरूरला, आपल्याच शिष्याच्या दुकानात गेले. मी सोबत होतो. "जरा दाखव की रं, हे कसं खोलत्यात."

शिष्यानं उघड्या पंपावर पोतं टाकलं. "चाचा, वय झालं आता तुमचं. चहा घ्या."

चाचांनी चहा घेतला. माझ्या पिशवीत, मी गावोगाव वाटत फिरायचो ती, 'ज्ञान सर्वांचं' अशी पत्रकं होती. मीही चहाच घेतला.

परतीच्या एसटीत, पोतं पडण्याआधी जेवढं दिसलं होतं, तेवढं चाचा शेजारच्या शेतकऱ्याला समजावून सांगत होते.