मागाखालच्या खड्ड्यात
लिहायला मी फार उशिरा, लेकीच्या पाटीवर शिकले. तरी आजही कोणी वही उघडून नाव विचारलं की मी आधी दाराकडे पाहते.

सदुसष्ट-अडुसष्टची गोष्ट. मी आठ वर्षांची. नागपुरातल्या आमच्या विणकरांच्या वस्तीत शाळेचे मास्तर दारोदार फिरून पोरांची नावं वहीत लिहून नेत. "तुहं नाव त्या वहीत गेलं, त मले पोलीस धरून नेतीन," असं बाबांनी मला बजावून ठेवलं होतं. मी बापावर जीव टाकणारी पोर. दिवसभर चरख्यावर बसून त्यांच्या मागासाठी कांड्यांवर सूत भरायचे, आणि कान रस्त्याकडे.

मास्तर दारात आले तेव्हा बाबा सूत आणायला इतवारीच्या बाजारात गेले होते. आईने डोळे वटारले. विणताना बाबा पाय सोडून बसायचे त्या मागाखालच्या खड्ड्यात मी उडी घेतली. घाईत एक चूक झाली. चरखा फिरतच राहिला.

"चरखा कोण फिरवून राहिलं होतं, बाई?"

"मीच, जी."

आईचे हात तर सुताला लावायच्या खळीने कोपरापर्यंत माखलेले. अर्धवट विणलेल्या लुगड्याखालून मला मास्तरांच्या चपला दिसत होत्या. त्या माझ्याकडे वळल्या.

"आत कोणी हाय का, बाळ?" त्यांनी अगदी मायेनं विचारलं.

वेणी तोंडात कोंबून मी श्वास रोखला. त्यांनी वही उघडली. मग दारात खेळणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचं नाव लिहून निघून गेले.

"शाबास वं माही पोरगी," संध्याकाळी बाबा म्हणाले. अशी शाबासकी मला कधी मिळाली नव्हती, पण जीव थाऱ्यावर नव्हता. आमच्या घरातलं एक नाव तर वहीत गेलंच होतं! आठ दिवस मी पोलिसांची वाट पाहिली. सायकलची घंटी वाजली तरी हातातलं सूत तुटायचं. भाऊ पाटी घेऊन शाळेत जाऊ लागला. पोलीस काही आले नाहीत.

मी भोळी होते, पण इतकीही नव्हते. नवव्या दिवशी विचारलंच, "बाबा, मंग माहं नाव काहून नाही लिवू दिलं?"

बाबांच्या हातातला, ताण्यातून सूत ओवणारा धोटा थांबला. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार.

"कांड्या कोण भरीन वं? माग थांबला त खाऊ काय?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. ते माझ्याहून जास्त घाबरले होते.