पडद्याचा वरचा भाग

पडदा वर जातो. वकीलबाईंची खोली. मध्यभागी टेबल, त्यावर फायलींचे डोंगर, एका डोंगराच्या माथ्यावर चष्म्याचं रिकामं घर. उजवीकडे खिडकी, तिच्यातून खालच्या गॅरेजमधला हातोडा ऐकू येतो. समोर तीन खुर्च्या. पहिलीत घरसजावटीचं कापड छापणाऱ्या कंपनीचा मॅनेजर, मांडीवर नमुन्यांचं जाडजूड पुस्तक. दुसरीत मास्तरांची मुलगी, पर्स पोटाशी धरून. तिसरीत स्वतः मास्तर. आयुष्यभर त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले, रंगमंचावर मात्र कधी आले नाहीत. आज नायकाची खुर्ची मिळाली होती, आणि कुणीतरी उचलून ठेवल्यासारखे ते तिच्यात बसले होते.

बायको गेल्यापासून त्यांचं हे असंच चाललं होतं. रडले नव्हते. पाणी काढलं की आंघोळ करायचे, वाढलं की जेवायचे, मीठ कमी आहे का विचारलं तर "असेल" म्हणायचे. आज मुलीने इस्त्रीचा शर्ट पुढे केला, तो त्यांनी घातला. चला म्हटलं, चालू लागले.

प्रकरण असं होतं. जुन्या नाट्यगृहाचा दर्शनी पडदा मास्तरांच्या रंगशाळेतून गेलेला. खाली नदी, घाट, झाडी, आणि वर निम्म्याहून अधिक पडदाभर उतरत्या उन्हाचं आभाळ. पहिली घंटा व्हायच्या आधी येऊन त्या आभाळाकडे नुसते बघत बसणारे प्रेक्षक असायचे. हा मॅनेजर त्यातलाच निघाला. मध्यंतरात चहालासुद्धा उठला नाही. त्याला ते आभाळ हवं होतं, खिडक्यांच्या पडद्यांवर, चादरींवर, उशांच्या अभ्र्यांवर. नाट्यगृहाने हात वर केले. पडदा आमचा आहे, चित्राचं मास्तरांना विचारा, लेखी तेव्हा काहीच झालं नव्हतं.

"म्हणजे कापड त्यांचं, चित्र तुमचं," वकीलबाई मास्तरांना समजावत होत्या. "भाड्याच्या खोलीत तुमचं कपाट असतं ना, तसं. आणि हे म्हणत होते, एकरकमी विकून टाका. मी म्हटलं, विकायचं नाही, वापरायला द्यायचं. ठराविक वर्षं, फक्त कापडावर. उद्या बिस्किटाच्या डब्यावर दिसलं तर पुन्हा विचारायला यायचं. आणि जेवढा माल खपेल त्यात वाटा."

"बाई, तुम्ही आमच्याकडेच का येत नाही नोकरीला?" मॅनेजर म्हणाला.

"तुम्हाला झेपायची नाही मी."

मुलगी हसली. "आणि बाबा, प्रत्येक पडद्याच्या किनारीवर तुमचं नाव येणार. ऐकलंत ना?"

"ऐकलं."

बाईंनी शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचला. "सदर चित्र मी स्वतः, एकट्याने काढलेले असून त्यात अन्य कोणाचाही हात नाही." मग कागद फिरवून पुढे सरकवला आणि मास्तरांच्या हातात पेन दिलं.

मास्तरांनी पेन धरलं. चहात साखर नको, हे सांगावं तशा आवाजात म्हणाले, "वरचं मी नाही केलं."

"वरचं म्हणजे?"

"आभाळ. ते हिने केलं."

रंगशाळा म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. जमिनीवर मांजरपाट ताणून पसरायचा, पायांना जुनी फडकी गुंडाळायची आणि कापडावरच चालत रंग द्यायचा. लग्न होऊन आली तेव्हा ती रंग कापडाला चिकटावा म्हणून त्यात घालायचा सरस शिजवून द्यायची, एवढंच. पण सरसाच्या रंगाची खोड अशी की ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की फिकटतो. शिवाय आभाळ एका दमात करावं लागतं. मध्ये थांबलं की कड वाळते आणि सांधा दिसतो. मास्तर थांबायचे. विचार करायचे. "तुमच्या आभाळाला ठिगळं आहेत," ती एकदा म्हणाली, आणि लांब काठीला कुंचला बांधून पदर खोचून उभी राहिली. त्यानंतरचं प्रत्येक आभाळ तिचं. ती आभाळ करत असताना तिला कुणी हाक मारायची नाही, मग दूध उतू जावो की पाहुणे दारात उभे राहोत. जाहिरातीत छापून यायचं ते मात्र "पडदे: मास्तर". नावाचं एकदा त्यांनी विचारलंही होतं. ती म्हणाली, "माझा भाग वर. तिथलं नाव वाचायला लोकांना शिड्या देणार आहात का?"

"बाबा, आई मदत करायची," मुलगी हळूच म्हणाली. "सगळ्यांच्याच आया करतात."

"मदत नाही. मी तेव्हा भिंतीला टेकून उभा असायचो."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "आभाळात तुमचा काहीच हात नाही?"

"एकदा एक पक्षी काढला होता. तिने पुसला."

मॅनेजरला हसू आलं, ते त्याने आवरलं. बाई मात्र गंभीर झाल्या. त्यांनी सरळ सांगितलं. हे खरं असेल तर त्या भागाचा हक्क वहिनींचा. त्यांच्यामागे तो वारसांकडे येतो, म्हणजे नवरा, मुलगी आणि मुलगा. तिघांच्याही सह्या लागतील.

मुलीचा चेहरा उतरला. "दादा सही करेल? आई गेली तेव्हा आला नाही तो. त्याचा पत्ता मिळवण्यापासून सुरुवात."

"माझा यंदाचा माल छपाईला निघालाय," मॅनेजर म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "वरचे लोक थांबतील, असं मी सांगू शकत नाही. मास्तर, वहिनींचं नाव कुठेच नाहीये. तुम्ही सही करा. मी काही ऐकलेलं नाही."

"मी ऐकलंय," बाई म्हणाल्या. "मास्तर, खोटं लिहून दिलंत आणि उद्या मुलाने हरकत घेतली तर ते तुमच्या अंगाशी येईल. आता तो घेईल का? मला नाही वाटत. पण सही तुमची आहे."

खाली हातोडा थांबला. सगळे आपल्याकडे बघत आहेत, हे मास्तरांना कळत होतं. आता काहीतरी वाटेल, म्हणून त्यांनी जरा वाट पाहिली. काही वाटलं नाही. शर्टाची कॉलर मानेला टोचत होती, तेवढंच. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते कागदावर आडवं ठेवलं.

मॅनेजरने नमुन्यांचं पुस्तक मिटलं. कंपनीत विचारून बघतो, म्हणाला. पण उठताना त्याने करारनाम्याची आपली प्रत उचलली नाही, आणि मुलीने ते पाहिलं. तो गेल्यावर पर्स शेजारच्या खुर्चीवर ठेवून ती म्हणाली, "दादाच्या जुन्या ऑफिसात फोन करून बघते. काय म्हणायचं ते म्हणू दे."

बाईंनी कोरा कागद घेतला. चित्रकार, या शब्दापुढे मुलीने सांगितलं तसं आईचं पूर्ण नाव लिहिलं. मग हात थांबवून विचारलं, "आणि मास्तर, तुम्ही? पडदा तर तुमचाही आहे. सहचित्रकार लिहू?"

"ते फक्त आभाळ घेणार होते ना?"

"हो, फक्त वरचा भाग."

"मग मला वारसांत घाला."