जावयाची दुर्बीण आणि माझा आशीर्वाद

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला! पण चहा आलाच आहे, तर माझा गाढवपणा ऐकूनच घ्या.

संगमनेरजवळ आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रावर माझी उभी हयात गेली. कॅनचं झाकण उघडायच्या आत मला पाण्याचा वास येतो. असल्या माणसाचा कुणावर विश्वास बसणार?

लेकीचा, स्वातीचा, साखरपुडा झाला. जावई जामखेडचा, निखिल. दूर दक्षिणेत अंतराळ केंद्रात इंजिनिअर. तिथं म्हणे अवकाशात सोडायची दुर्बीण तयार होत होती, आणि ती उडाल्याशिवाय त्याला रजा नव्हती.

लग्नाची तारीख धरली. लगेच फोन! "मामा, हादऱ्यांच्या चाचणीत एक स्क्रू सैल झाला. उड्डाण पुढं गेलं."

कार्यालयवाल्याच्या हातापाया पडून तारीख बदलली. पुन्हा फोन. "मामा, गारठ्याच्या चाचणीत झाकणच उघडत नाहीये."

आणि मग? "धूळ सापडली, मामा. अगदी कणभर."

कणभर धुळीपायी लग्न लांबतं? अहो, आमच्याकडं धुळीतच पंगती उठतात!

"ह्या पोराचं दुसरीकडं बिऱ्हाड हाय," मी बायकोला म्हणालो.

"कायतरीच काय! पोरगं लई गुणाचं हाय."

"गुणाचं? स्क्रू, झाकन, धूळ! पानी घालनारा गवळी बी इतक्या सबबी सांगत न्हाई!"

भावकीत कुजबुज सुरू झाली. स्वाती धड जेवेना. लेकीचं उतरलेलं तोंड मला बघवेना. शेवटी शिर्डीला जाऊन दर्शन घेतलं, उदीची पुडी खिशात टाकली आणि कुणाला न कळवता तिकडची गाडी धरली. म्हटलं, रंगेहाथ पकडतो!

गेटवर माझीच उलटतपासणी झाली. निखिल धावत आला, डोळे जागरणानं लाल. त्यानं मला एका मोठ्या काचेपाशी नेलं. पलीकडं सोनेरी कागदात गुंडाळलेली दुर्बीण! खरीखुरी! भोवती नखशिखांत पांढऱ्या कपड्यांतली माणसं.

"धूळ निघाली, मामा. आजची तपासणी झाली की दुर्बीण रवाना. मग लग्न!"

भरून आलं हो मला. केवढा संशय घेतला या लेकरावर! पण संशयी डोकं गप्प बसतंय होय? लगेच वाटलं, इतकी विघ्नं येतात म्हणजे नक्कीच कुणाची तरी दृष्ट लागली.

निखिल पाया पडायला वाकला. "येशस्वी व्हा," म्हणत मी उदी हळूच त्याच्या केसांत सोडली. चिमूटभर नाही, अख्खी पुडी!

तो तसाच घाईत पांढरा पोशाख चढवून आत गेला. दुर्बिणीजवळ पोचतोय तोच धूळ मोजणारं यंत्र बोंबलायला लागलं. माणसं भराभर मागं सरकली. निखिलनं काचेतून माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं बघायला लागलो.

उड्डाण लांबलं. लग्नही.

निखिल बाहेर आल्यावर मी चाचरत विचारलं, "सायेब काय म्हनले?"

"विचारत होते, ही धूळ आली कुठून. म्हटलं, सासरवाडीहून."

एवढं बोलून त्यानं मोबाईल माझ्या हातात दिला. "स्वाती आहे. या वेळचं कारण तुम्हीच सांगा, मामा."

आणि खरं सांगतो, मला एकही सबब सुचेना!